काही झालं नाही ना?

शाळेच्या बसच्या मागे एक ओळ रंगवलेली असते : चालक वाहन बेदरकारपणे चालवत असल्यास खालील क्रमांकावर कळवा. नाशिकच्या गंगापूर रोडवरून सकाळ-दुपार धावणाऱ्या आमच्या बसगाड्यांच्या मागे जो क्रमांक आहे, तो फोन माझ्याजवळ असतो. शाळेच्या वाहतुकीची व्यवस्था मी पाहते. कुठल्या मार्गावर कुठली बस, चालक कोण, सोबत मावशी कोण, कुठल्या थांब्यावर किती मुलं उतरतात, गाडी बंद पडली तर दुसरी कुठून आणायची, हे सगळं माझ्याकडे. फोन उचलणं हा त्यातला लहानसा भाग. पण रस्त्याबद्दल मला जे काही कळलं, ते बरंचसं त्या फोनमुळे.

फोन करणारा माणूस बहुतेक वेळा रागावलेला असतो. त्याचा राग खराच असतो. नुकतीच एक अवजड गाडी त्याच्या दुचाकीला घासून गेलेली असते. "तुमच्या ड्रायव्हरला लायसन्स कुणी दिलं?" इथून सुरुवात होते. मी विचारते, बस कुठली? "पिवळी." शाळेच्या सगळ्याच बस पिवळ्या. कुठे घडलं? "गंगापूर रोडला." हा रस्ता अशोक स्तंभाकडून निघतो आणि गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावापर्यंत, पुढे धरणाकडे जातो. किती वाजता? "मघाशी." राग माझ्यापर्यंत पोचतो, माहिती पोचत नाही. सांगून टाकलं म्हणून त्या माणसाला मोकळं वाटतं आणि माझ्या वहीत लिहायला काहीच नसतं.

पण एकदा सावरकरनगरमधल्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग बसचा पूर्ण नंबर. सात वाजून दहा मिनिटं. जेहान सर्कल. सिग्नल लाल झाल्यावर बस थांबली नाही, डावीकडून एक बाई मुलाला मागे बसवून दुचाकीवर निघाल्या होत्या, त्यांनी जागच्या जागी ब्रेक लावला. "मी फुटपाथवर उभा होतो. मुलाचा पाय खाली टेकला, एवढं जवळून गेली बस. माझं नाव लिहून घ्या. त्या चालकासमोर सांगायची वेळ आली तर मी येईन." आवाज चढलेला नव्हता.

जीपीएस पाहिलं, बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. सगळं त्यांनी सांगितलं तसंच. चालकाला बोलावलं. मुलं त्याला काका म्हणतात, त्याचा लळा आहे त्यांना. तो म्हणाला, "मॅडम, पण काही झालं का? कुणाला लागलं का?"

तो खोटं बोलत नव्हता की उद्धटपणाही करत नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की कुणाला लागलं नाही म्हणजे चूक झाली नाही. हे वाक्य पुढे मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता ते ऐकलं की मी सावध होते. शाळेच्या कार्यालयात ऐकलं, पालकांकडून ऐकलं, पोलीस ठाण्यात ऐकलं, आणि ज्याच्या गाडीविरुद्ध मी तक्रार केली त्या माणसाकडूनही ऐकलं.

त्या चालकावर कारवाई झाली. पण त्या निमित्ताने दुसरंही काही उघड झालं. त्याच्या मार्गावर जूनमध्ये दोन नवे थांबे वाढले होते आणि सुटण्याची वेळ तीच राहिली होती. शाळेची घंटा गाठायला तो रोज पळत होता. आम्ही ती बस लवकर सोडायला लागलो. हे बसच्या आतून कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं फुटपाथवर उभ्या असलेल्या, आमच्या शाळेशी काही संबंध नसलेल्या माणसामुळे. म्हणून बसमागच्या त्या ओळीवर माझा विश्वास आहे.

खासगी मोटारीच्या मागे अशी ओळ नसते. सात-आठ हजार लोकांच्या नजरेसमोरून दिवसभर गाडी दामटणाऱ्या माणसाबद्दल कळवायचं कुणाला? त्याला ना मालक, ना व्यवस्थापक, ना नोकरी जाण्याची भीती. बसचालक, रिक्षावाला, टँकरवाला यांच्याबद्दल लोक सहज तक्रार करतात, कारण ती माणसं कुणाच्या तरी हाताखाली असतात. बंगल्यातून निघालेल्या महागड्या गाडीबद्दल तेच लोक मान हलवून पुढे जातात. तिथे पोलीस एवढा एकच पत्ता आहे, आणि तिथपर्यंत जायला माणसं कचरतात.

गंगापूर रोड सकाळी सातच्या सुमारास ज्याने पाहिलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. सोमेश्वरकडे चालायला निघालेली जोडपी, सायकलवाले, केटीएचएम कॉलेजला आणि क्लासला निघालेली पोरं, दूधवाले, बांधकामांवर माल टाकून परतणारे डंपर, पाण्याचे टँकर, आणि या सगळ्यांत पिवळ्या बस. रुंदीकरणात रस्ता वाढला, पण जुनी मोठी झाडं काही ठिकाणी डांबरातच राहिली. त्यांच्या खोडांना पट्टे मारलेले असतात. झाड आलं की मागून येणारा आत घुसतो आणि बसला दाबतो. शनिवार-रविवारी शाळा नसते, पण तेव्हा धरणाकडे आणि द्राक्षमळ्यांच्या वाइनरीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या असतात आणि संध्याकाळी त्या परततात. संध्याकाळच्या त्या परतीबद्दल या रस्त्यावर राहणाऱ्यांना मी काही वेगळं सांगायला नको.

माझे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. तिथे एक रिवाज होता. क्रेनला टांगलेला माल कुणाच्या खांद्याजवळून गेला, कुणाचा पाय तेलावरून सरकला आणि तो सावरला, की त्याची लेखी नोंद करायची. इजा झालेली नसली तरी करायची. किंबहुना झालेली नसते म्हणूनच करायची. 'निअर मिस' म्हणतात त्याला. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या अमेरिकेतल्या विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली कारखान्यांतल्या अपघातांवर पुस्तक लिहिलं. एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० वेळा नुसतंच थोडक्यात निभावणं असतं, असा हिशेब त्याने मांडला. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण मूळ मुद्दा कारखान्यांनी उचलला : जे होता होता राहिलं, तेही लिहून ठेवायचं.

रस्त्यावर असं कुणी लिहून ठेवत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. मेलेला माणूस मोजला जातो, जखमी मोजला जातो. ज्या मुलाला दप्तर धरून कुणीतरी मागे ओढलं, ते मूल कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्या २०२२ च्याच ८ ऑक्टोबरला पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रोडवर खासगी प्रवासी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली आणि माणसं होरपळून गेली. पुढचे काही आठवडे आमचा फोन सतत वाजत होता. दार नीट उघडतं का, आग विझवायचं सिलिंडर भरलेलं आहे का, बस किती वेगाने चालते. सगळे प्रश्न योग्य होते. मग हळूहळू फोन थांबले, आणि रस्ता होता तसाच चालू राहिला.

दप्तर धरून मागे ओढलं, हे मी उदाहरण म्हणून लिहिलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकती सुरू झाली होती. आनंदवल्लीच्या एका थांब्यावर बस उभी होती, दार उघडं, दुसरीतला मुलगा पायरीकडे येत होता. मागून एक पांढरी एसयूव्ही बराच वेळ डिपर देत, हॉर्न दाबून धरत येत होती. उजवीकडून समोरची वाहतूक होती म्हणून तिला निघता येईना. तिने बसच्या डावीकडून, म्हणजे बसचं दार आणि फुटपाथ यांच्या मधून गाडी घातली. मावशीने खाली उतरून मुलाचा हात धरायला हात पुढे केलाच होता. हाताला दप्तर लागलं, तिने ते ओढलं. गाडी गेली. बस निघाल्यावर त्याच गाडीने पुढे येऊन कट मारला आणि बसच्या तोंडापुढे ब्रेक दाबला. आमच्या चालकानेही दाबला. पुढच्या सीटवरची मुलं समोरच्या दांडीवर आदळली, डब्यांच्या पिशव्या खाली. त्या गाडीतला तरुण काच खाली करून काहीतरी ओरडला आणि सुसाट निघून गेला. मावशी म्हणाली, ही गाडी तिने आधीही पाहिली होती, अशीच मागे लागलेली.

एकाही मुलाला टाका पडला नाही. त्यामुळे दुपारपर्यंत मला जे ऐकायला मिळालं ते सगळं एकाच सुराचं होतं. कार्यालय म्हणालं, काही झालं नाही ना, मग मुलांना पोलिसांच्या भानगडीत कशाला घालता? काही पालक म्हणाले, बसवर शाळेचं नाव आहे, तो माणूस राग ठेवून राहिला तर? चालकाचं म्हणणं सगळ्यांत खरं होतं : "मॅडम, तुम्ही ऑफिसात असता. मी रोज त्याच रस्त्याने जातो. उद्या त्याने गाडी आडवी घातली तर मी काय करू?"

या भीतीला उडवून लावणारी माणसं मला आवडत नाहीत. भीती खरी आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. फार मोलाची गोष्ट झाली. पण ते कवच रक्त सांडल्यानंतर धावून जाणाऱ्याला आहे. रक्त सांडू नये म्हणून आधी तक्रार करणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून मी चालकाला एवढंच सांगितलं की अर्ज माझ्या नावाने जाईल, आणि काही दिवस तो थांबा आपण आतल्या गल्लीत घेऊ. त्या मुलाची आई शेवटी आली. ती बँकेत नोकरी करते, तासाभराची सवलत काढून आली होती. तिने विचारलं, सही कुठे करायची?

पोलीस ठाण्यात समोर ठाणे अंमलदार बसलेले. गर्दी होती, मोबाइल हरवलेले, भाडेकरूची नोंद करायला आलेले. त्यांनी अर्ज वरून खाली पाहिला आणि विचारलं, "जखमी कोण?" कुणी नाही. "गाडीचं नुकसान?" नाही. "मग ताई, नेमकं झालं काय?" त्यांच्या कामाच्या जागी बसून पाहिलं तर हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यांच्याकडे रोज ज्यांचं काही झालेलं असतं अशी माणसं येतात.

शेजारच्या टेबलावर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी अर्ज मागून घेतला आणि पेनने त्यातले काही शब्द खोडले. मुजोर, माजलेला, जीवघेणा. म्हणाल्या, "हे ठरवायचं काम कोर्टाचं. तुम्ही स्वतः पाहिलं का?" मी पाहिलं नव्हतं, मी कार्यालयात होते. "मग ज्यांनी पाहिलं त्यांना आणा."

मावशी आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढलेली नव्हती. घरी सांगू नका म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तिने जबाब दिला. बस थांबली होती. दार उघडं होतं. पोरगं पायरीकडे येत होतं. डाव्या अंगाने पांढरी गाडी आली. मी पोराचं दप्तर धरून ओढलं. गाडीची काच माझ्या कोपराला लागून गेली. चालवणारा पोरगा मी समोर आला तर ओळखीन.

माझ्या दोन पानी अर्जात नसलेलं सगळं त्या सहा-सात वाक्यांत होतं. कोपराला काच लागली हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ते काही झालंच नव्हतं.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे, हे मला तिथे बसल्यावर कळलं. भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम, पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं २७९, सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा होण्याचा संभव असेल अशा बेदरकारपणे गाडी चालवणं हाच गुन्हा मानतं. इजा झालीच पाहिजे अशी त्याची अट नाही. मोटार वाहन कायद्याचं १८४ कलम धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ नंतर त्यात लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरून चालवणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने येणं हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पण ते नंतरचं. कायद्याने अपघाताच्या अलीकडे एक जागा करून ठेवलेली आहे. त्या जागेत जाऊन उभं राहायला माणूस मिळत नाही, एवढंच.

दुसरी अडचण नंबराची. नंबरावरून मालक कळतो, चालवणारा कळत नाही. पकडलेले कित्येक जण इथेच सुटतात : गाडी माझी आहे, पण त्या दिवशी कोण चालवत होतं आठवत नाही. त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ आहे. पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. तरीही तक्रार करणाऱ्याने चेहरा पाहिला असेल तर प्रकरण वेगळ्याच पायावर उभं राहतं. आमच्या दाराच्या कॅमेऱ्यात तो होता, कारण गाडी दाराला चिकटूनच गेली होती आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला.

चित्रणाबद्दलही हवालदारबाईंनी जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना सांगते. व्हॉट्सअॅपवरून आलेली फित नको. ती दाबून लहान झालेली असते. कापाकापी करू नका, गोल-बाण काढू नका. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड तसंच बाजूला काढून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही करायची असते. ती सही माझी आहे.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन आम्ही निघालो. त्या शिक्क्याचं महत्त्व कमी लेखू नये. तारीख आणि क्रमांक असला की पुढच्या वेळी 'त्या दिवशी एक बाई आल्या होत्या' असं होत नाही, कागद बोलतो.

काही दिवसांनी गाडीचे मालक शाळेच्या कार्यालयात आले. पन्नाशीतले, साधे, घामाघूम झालेले. गाडी त्यांच्या नावावर, चालवणारा मुलगा कॉलेजात. त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ होतं. "मॅडम, काही झालं नाही ना? कुणाला काही खर्च आला असेल तर मी भरून देतो." खर्च काही नव्हता. मग त्यांनी तक्रार मागे घ्यायची विनंती केली. पोराच्या करिअरचा प्रश्न आहे म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलगा बाहेर गाडीत बसला होता.

मी त्यांना चित्रण दाखवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी मावशीचा हात दप्तरावर पडतो तिथे त्यांनी मान वळवली. मी म्हणाले, हे थोडं पुढे-मागे झालं असतं तर आज तुमच्या मुलाचं काय झालं असतं आणि त्या मुलाचं काय झालं असतं, याचा तुम्हीच विचार करा. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये काय झालं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि नंबर प्लेट नसलेली, कायमची नोंदणी न झालेली गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवत होता. एखाद्या घराचं सगळं काही एका रात्रीत कसं जातं, हे त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापाने पाहिलं होतं. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. तक्रार मागे घेतली नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आजही वाटतं.

पोलिसांनी प्रस्ताव पाठवल्यावर पेठ रोडच्या आरटीओत त्या मुलाला बाजू मांडायला बोलावलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमात ही तरतूद आहे : ज्याच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका आहे असं त्याच्या वागण्यावरून दिसतं, त्याचं लायसन्स ठरावीक काळ रोखून धरता येतं, मात्र त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. माझ्या दृष्टीने दंडापेक्षा याचा उपयोग जास्त. पाच हजार रुपये बाप भरतो. तीन महिने सिटीलिंकच्या बसने कॉलेजला मुलालाच जावं लागतं.

या प्रकरणानंतर लोक मला विचारायला लागले, आम्ही काय करायचं? समोर धोका चालू असेल, कुणी दारू पिऊन नागमोडी चालवतोय, कुणी पाठलाग करतोय, तर ११२. गाडी बाजूला घेऊन फोन करा, गजबजलेल्या ठिकाणी थांबा, पेट्रोल पंपावर थांबा, त्याच्या मागे लागू नका, हातवारे करू नका. घडून गेलेलं असेल तर लेखी अर्ज. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवरूनही नियमभंग कळवता येतो. नो-पार्किंग, ट्रिपल सीट यांसाठी ते ठीक. पण ज्या गोष्टीत कुणाचा जीव जाता जाता राहिला, तिथे अॅपवर फोटो टाकून मोकळं होऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिथे माणसाने जायला हवं.

आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकू नये. आमच्या चित्रणावर पालकांच्या ग्रुपमधून पुष्कळ मागणी आली; मी एकालाही दिलं नाही. त्यात त्या मुलाचा चेहरा आहे, आमच्या विद्यार्थ्याचाही आहे. दोन दिवस सगळ्या नाशिकने शिव्या घातल्या असत्या, त्याच्या घरावर कुणी गेलं असतं, आणि साक्ष द्यायच्या वेळी मावशी एकटीच उरली असती. शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जण ठाण्यात सही करायला येतात ते मला माहीत आहे.

बक्षिसाच्या योजनांबद्दलही मला शंका आहे. गोवा पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये 'ट्रॅफिक सेंटिनल' योजना आणली. नागरिकांनी नियमभंगाचे फोटो पाठवायचे, त्यावर गुण, गुणांवर रोख रक्कम. चलनं निघाली, पण फोटो काढणाऱ्यांबद्दल गावोगावी चीड निर्माण झाली, काहींवर हल्ले झाले, योजना बंद करा अशी मागणी जोरात झाली. शेजारच्याने पैशांसाठी आपला फोटो काढला, असं वाटलं की माणूस स्वतःची चूक विसरतो. बेंगळुरूत २०१५ मध्ये 'पब्लिक आय' नावाचं अॅप आलं, तिथे असं बक्षीस नव्हतं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या पोलिसांनी 'ऑपरेशन स्नॅप' सुरू केलं. डॅशकॅमचं चित्रण लोक पाठवतात, पण सोबत जबाब द्यावा लागतो आणि गरज पडली तर कोर्टात यायची तयारी दाखवावी लागते. हे मला पटतं. ज्याच्यावर आपण बोट दाखवतो त्याला, बोट दाखवणारा कोण आहे हे कळण्याचा हक्क आहे. खोट्या आणि सूड उगवणाऱ्या तक्रारी गाळण्याचीही तीच सर्वांत चांगली चाळण.

आमच्याकडे आता प्रत्येक बसमध्ये एक वही असते. सातपूरच्या कारखान्यांत असते तशी. मावशी लिहितात, चालकही लिहितात. जागा, वेळ, नंबर, काय पाहिलं. विशेषणं नाहीत. त्या वहीतून दर महिन्याला काही गोष्टी आपोआप वर येतात. एकाच डंपरचा नंबर पुन्हा पुन्हा दिसला की आम्ही बांधकामावर जाऊन ठेकेदाराशी बोलतो. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर वाहतूक शाखेला पत्र देतो, नाहीतर आमचाच थांबा हलवतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खणले गेल्यापासून नोंदी वाढल्या आहेत. चालक स्वतःच्या गाडीबद्दलही लिहितात : आज घाईत पिवळ्यावर काढली, मागून सायकल होती. हे लिहिल्याबद्दल पगार कापायचा नाही, असं मी व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं आहे. नाहीतर वह्या कोऱ्या राहिल्या असत्या.

सावरकरनगरच्या त्या गृहस्थांचा फोन अधूनमधून येतो. आता ते दुसऱ्या शाळांच्या बसबद्दलही मलाच सांगतात आणि मी ते त्या त्या ठिकाणी पोचवते.

एसयूव्हीच्या प्रकरणात कोर्टात दोषारोपपत्र दाखल झालं आहे. मावशीला आणि आमच्या चालकाला साक्षीचं समन्स आलं. चालकाने ते खिशात घडी करून ठेवलं होतं, दोन दिवसांनी मला दाखवलं, आणि विचारलं ते एवढंच की त्या दिवसाचा पगार धरणार ना. धरणार. तारीख पुढच्या महिन्यात आहे. सकाळच्या फेरीसाठी बदली चालक सांगून ठेवलाय आणि त्या मार्गावरच्या पालकांना कळवलंय की त्या दिवशी बसमध्ये दुसऱ्या मावशी असतील.